दोन खोल्यांमधले नऊ अंक

पिशवीचा बंद तुटला तो नेमका दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. कागद पायऱ्यांवर पसरले, जेवणाचा डबा कठड्याला टेकून कसाबसा उभा राहिला, आणि पितळेचं शंभर ग्रॅमचं वजन मात्र हट्टाने एकेक पायरी उतरत निघालं. टण्... टण्... टण्... ती वरून नुसती बघत राहिली. खालून एक माणूस वर येत होता. तो बाजूला झाला नाही. वाकून त्याने दोन्ही हातांची ओंजळ पायरीवर धरली आणि वजन अलगद तिच्यात येऊन थांबलं.

"तुमचं?"

"माझं."

तो ते लगेच देईना. तळहातावर ठेवून त्याने हात दोनदा खालीवर केला, भुवया उंचावल्या.

"वर शंभर लिहिलंय. मला नव्याण्णव वाटतंय."

तिचे कान तापले. "माझे बाबा वजनमापे निरीक्षक होते. पस्तीस वर्षं. त्यांनी दिलंय ते."

"असेल. पण या हाताला बाजारात अजून कुणी फसवलेलं नाही."

"मग बाजारात जाता कशाला? घरी बसूनच भाव सांगत जा."

तो हसला. मोठ्याने नाही, आतल्या आत, खांदे हलवून. वजन तिच्या हातावर ठेवून तो कागद गोळा करायला लागला. पिशवीचा बंद बांधता बांधता तिने पाहिलं... तो कागद नुसते उचलत नव्हता, पानांच्या क्रमाने लावत होता. चोपन्नानंतर पंचावन्न. छप्पन्न सापडेना तेव्हा तो चार पायऱ्या खाली जाऊन घेऊन आला. असं करणारा माणूस तिने आजवर एकच पाहिला होता आणि तो रोज सकाळी आरशात दिसायचा.

आभार मानावेत की वजनाबद्दल आणखी दोन शब्द सुनवावेत, हे ठरवेपर्यंत तो वर निघून गेला होता.

ती संस्था आर्थिक संशोधनाची. लोक कशावर खर्च करतात, भाव वाढले की काय सोडतात, बचत कुठे ठेवतात, असल्या प्रश्नांची उत्तरं तिथे शोधली जात. तिचं काम त्यातलंच, पण थोडं आडबाजूचं. एवढाली गणितं कुणी हाताने करत नाही. त्यासाठी सॉफ्टवेअरचे तयार सुटे भाग मिळतात. एक भाग मोठमोठे तक्ते गुणतो, एक फासे टाकावेत तसे आकडे काढून देतो, एक लाखो शक्यतांमधून सर्वांत कमी चुकीची शक्यता हुडकतो. कुणाचा भाग घ्यावा, कुणाचा घेऊ नये, हे ठरवायचं काम तिच्याकडे होतं. दोन वर्षं ती गव्हातले खडे निवडावेत तशी ते निवडत होती. एकेचाळीस भाग तपासून तिने सात ठेवले होते. दशांश चिन्हानंतरचा एकही अंक ती सोडत नसे म्हणून टपाल सांभाळणाऱ्या आवक-जावक काकांनी तिचं नाव 'दशांश' पाडलं होतं, आणि ते सगळ्या संस्थेने उचललं होतं. तिलाही ते आवडायचं, पण तसं तिने कुणाला कळू दिलं नव्हतं.

आता शेवटची परीक्षा राहिली होती: दोन खोल्यांची.

हा नियम संचालिकाबाईंचा. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. अकरा वर्षांपूर्वी संस्थेने छापलेला एक आकडा चुकला होता. मोठ्या बाईंना माफीचं पत्र लिहावं लागलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नियम केला, की कोणताही नवा भाग वापरात घेण्याआधी तेच गणित दोन माणसांनी दोन खोल्यांत, दोन वेगळ्या कंपन्यांचे भाग वापरून करायचं. उत्तरं बंद पाकिटातून द्यायची. पाकिटं फोडेपर्यंत दोघांनी कामाबद्दल एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही. उत्तरं जुळली तर भाग पास.

ती पास झाली तर पुढची दहा वर्षं सगळी संस्था तिने निवडलेला संच वापरणार होती, आणि संगणन विभाग तिच्या हाती येणार होता. नाहीतर तिची वर्षावर्षाची नेमणूक होतीच, तीही याच वर्षी संपत होती.

जिन्यावरच्या त्या सकाळी ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली तेव्हा खुर्चीत तोच बसलेला होता. विद्यापीठाच्या गणित विभागातून तीन महिन्यांसाठी मागून घेतलेला. इमारतीच्या मधल्या चौकाच्या पलीकडची, तिच्या खिडकीसमोरची खोली त्याला दिली होती.

"हे तुझ्या समोरचे," मोठ्या बाई म्हणाल्या. "आजपासून दोघांनी कामाचं सोडून काय हवं ते बोला."

तेव्हापासून तो 'समोरचा' झाला.

गणित असं होतं. सतरा हजार घरांच्या खर्चाची माहिती समोर होती, आणि भाव वाढले की गरीब घर सगळ्यात आधी कशाला कात्री लावतं, ते तीतून काढायचं होतं. उत्तर शोधणं म्हणजे दाट धुक्यात डोंगरावरून दरीच्या तळाशी उतरणं. दिसत काही नाही. पायाला उतार लागेल तिकडे एकेक पाऊल टाकायचं आणि उतार संपला की म्हणायचं, पोचलो. तळ म्हणजे सर्वांत कमी चूक. मधल्याच एखाद्या खळग्याला तळ समजून बसणारे भाग बाजारात पुष्कळ. म्हणून तर पारख लागते.

दोन्ही खोल्यांना जोडणाऱ्या व्हरांड्यात एका टेबलावर चहाचा थर्मास असे. चारच्या सुमारास दोघं तिथे यायची. पहिले दोन दिवस हवापाण्याच्या गप्पा झाल्या. तिसऱ्या दिवशी त्याने तोडगा काढला: जो कामाचा विषय काढील त्याने दोन्ही कप धुवायचे. तिने ते मान्य केलं आणि पुढच्याच क्षणी, काल तुम्ही खिडकीत सारख्या येरझारा घालत होता, काही अडलंय का, असं विचारून बसली.

"कप," तो म्हणाला.

तिने धुतले.

मग मात्र हरण्याची पाळी त्याची आली. रोज काही ना काही त्याच्या तोंडून निसटायचं, आणि तो निमूटपणे बाही सरकवून मोरीकडे जायचा. बाकीचा वेळ दोघं बोलायची. त्याची आई शाळेत भूगोल शिकवायची, आणि लहानपणी त्याला नकाशात नदी उलटी वाहताना दाखवली की तो रडायचा. तिने सांगितलं, की तिच्या घरी साखरसुद्धा डोळ्यांनी मोजून घालत नाहीत. तो चालताना शिट्टी वाजवायचा, बऱ्यापैकी बेसूर, आणि ती ऐकू आली की आपण कागद आवरायला लागतो, हे तिच्या एके दिवशी ध्यानात आलं. तिने मुद्दाम कागद तसेच ठेवले. पाच मिनिटं. मग उठलीच.

महिना होत आला तेव्हा तिने हिशेब केला. बावीस दिवसांत एकोणीस वेळा कप त्याने धुतले होते.

"तुमची जीभ इतकी कशी हो सैल?"

"जीभ ठीक आहे." तो कपाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला. "तुम्ही धुतलेल्या कपाला आत कडं राहतं. दशांश सोडत नाही म्हणे... चहा बरा सोडता."

 त्या संध्याकाळी बसने घरी जाताना तिचा थांबा मागे गेला, आणि ते तिला पुढच्या थांब्यावर कळलं.

दुसरा महिना संपत आला तेव्हा एका सोमवारी पाकिटं फोडली. मोठ्या बाईंच्या खोलीत सगळे दाटीवाटीने उभे. बाईंनी चष्मा लावला, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि एकेक अंक वाचायला सुरुवात केली. पहिला जुळला. दुसरा, तिसरा जुळला. पाचव्यापाशी आवक-जावक काकांनी डोळे मिटले. सहावा, सातवा, आठवा... नववा अंकसुद्धा जुळला.

टाळ्या झाल्या. मोठ्या बाई, ज्यांनी अकरा वर्षांत कुणाला बरं म्हटलं नव्हतं, त्या म्हणाल्या, "छान." शुक्रवारी नियामक मंडळाची बैठक होती, तिथे तिने स्वतः उभं राहून मांडायचं ठरलं. उत्तरही पक्कं झालं: भाव वाढले की गरीब घर आधी कपड्यांचा खर्च तोडतं. मंडळाने मानलं की आकडा छापला जाणार होता, आणि मदत कशाला द्यायची हे ठरवणारे लोक तो वाचणार होते.

तिची मान त्या दिवशी इतकी ताठ होती की खरोखर दुखली. तिने गर्दीतून त्याच्याकडे पाहिलं. नऊ अंक... दोन खोल्या, दोन माणसं, आणि नऊच्या नऊ अंक. हे नुसतं गणित जुळणं नाही असं तिच्या मनात येऊन गेलं आणि ती लाजली. तो मात्र टेबलावरच्या कागदांकडे बघत होता. टाळी त्याने वाजवली, पण सगळ्यांच्या मागून.

बुधवारी त्याने तिला चौकातल्या बाकावर बोलावलं. आता कामाचं बोलायला मोकळीक होती. तिला वाटलं होतं ते वेगळंच.

"नऊ अंक जास्त होतात," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"दोन वेगळी माणसं धुक्यात उतरली, तर तळाशी पोचतीलही. पण एकाच दगडावर, त्याच पावलाला थांबणार नाहीत. पाच अंक जुळले असते तर मी नाचलो असतो. नऊ बघून मला झोप लागेना... म्हणून मी दोन्ही भागांना मुद्दाम सडकी माहिती दिली. तुमचा भाग दोनशे सतराव्या पावलाला अडखळला. माझाही दोनशे सतराव्याच. आणि दोघांनी चुकीचं उत्तरही तेच दिलं."

तिला कळायला वेळ लागला नाही, आणि तेच वाईट होतं. कंपन्या दोन, नावं दोन, वेष्टनं दोन. आत मात्र चाळीस वर्षांपूर्वी कुणा एकाने लिहिलेला तोच जुना शोध, तळ गाठायची तीच रीत. दोन्ही कंपन्यांनी तो घेतला होता आणि आपापलं नाव लावून विकला होता. दोन खोल्यांत बसून त्यांनी एकाच माणसाला दोनदा विचारलं होतं.

"हे सोमवारी का नाही सांगितलं?"

"सोमवारी नुसती शंका होती. आज खात्री झाली."

"टाळ्या वाजून गेल्यावर." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तुमचं काय जातंय? महिनाभरात तुम्ही तुमच्या विद्यापीठात. दोन वर्षं माझी गेली आहेत."

 तो म्हणाला, "माझाही भाग मीच निवडला होता. चूक दोघांची आहे. पण शुक्रवारी उभं तुम्हाला राहायचंय... मी कुणाला काही सांगणार नाही. तुम्ही म्हणाल तसं."

"उपकार झाले," ती म्हणाली आणि उठली. चार वाजता थर्मासपाशी ती गेली नाही. शिट्टीही ऐकू आली नाही.

घरी बाबा वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत बसले होते. आईने पोरीचा चेहरा पाहिला आणि न विचारता ताट वाढलं. जेवून झाल्यावर तिने पिशवीतून पितळेचं वजन काढून बाबांच्या पुढ्यात ठेवलं. सगळा राग त्याच्या 'नव्याण्णव'वाल्या त्या एका वाक्यावर काढायचा तिने ठरवलं होतं.

"बाबा, हे शंभर ग्रॅम आहे ना?"

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "नाही."

"नाही?"

"अगं, खरं वजन मी घरी कसं आणेन? ते सरकारी. हे बाद केलेलं आहे." त्यांनी वजन उलटं केलं. तळाला हिरवी बनात, जाड लोकरी कापडाची चकती, चिकटवली होती. नोकरीच्या पहिल्या दिवशी तिने ते टेबलावर ठेवायला मागितलं तेव्हा टेबल खरचटू नये म्हणून आईने लावलेली. बाबांनी नखाने तिची कड उचलली आणि सोलून काढली. खाली बारीक अक्षरांत कोरलं होतं: ९९.४.

मग त्यांनी गोष्ट सांगितली. एका बाजारात समोरासमोर दोन दुकानं होती. गिऱ्हाईक एकाकडे माल घ्यायचं आणि समोरच्याकडे वजन करून पाहायचं. नेहमी बरोबर भरायचं. दोघांचं नाव झालं होतं, दोघं एकमेकांची साक्ष काढायचे. बाबा तिथे बदली होऊन गेले आणि तिसरं वजन घेऊन तराजूपाशी उभे राहिले. दोघांचीही वजनं हलकी निघाली. लबाडी कुणाचीच नव्हती. दोघांनी एकाच ओतशाळेतून घेतली होती. हे त्यांतलंच एक.

"एका साच्यातली वजनं एकमेकांशी जुळणारच की," बाबा म्हणाले. "त्यात कौतुक ते काय?"

ती बघत राहिली. पाच वर्षं हे वजन तिच्या टेबलावर नाहीतर पिशवीत होतं. निरीक्षकाची मुलगी, आणि कधी उलटं करून पाहिलं नाही.

"बाद केलंत तर फेकून का नाही दिलंत?"

"फेकायचं कशाला? किती कमी आहे ते आता लिहिलंय ना त्याच्यावर. उणीव माहीत असलेलं वजन खोटं नसतं. सहा दशांश धरून चाललं की झालं. खोटं ते, जे शंभर म्हणून मिरवतं."

आई आतून म्हणाली की हे भाषण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिनेही ऐकलं होतं, तिच्या स्वयंपाकाच्या संदर्भात.

तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. तिने बाबांना सगळं सांगितलं. काय कर, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "आकडा छापला जाणार आहे?" ती हो म्हणाली. ते शब्दकोड्याकडे वळले.

शुक्रवारी मंडळाचे नऊ सभासद लांबलचक टेबलाभोवती बसले होते. भिंतीला टेकून संस्थेतली माणसं उभी होती. त्यांत तोही होता, दाराजवळ. मोठ्या बाईंनी तिची ओळख करून दिली, कौतुकाची चार वाक्यंही बोलल्या. ती उभी राहिली. आवाज सरळ निघाला.

"सोमवारी जुळलेलं उत्तर मी मागे घेते," ती म्हणाली. "दोन्ही भाग आतून एकच आहेत. त्यांचं जुळणं हा पुरावा नाही. निवड माझी होती, चूकही माझी आहे. समोरच्या खोलीने ती शोधली. त्यांनी शोधली नसती तर मी आज इथे मान ताठ करून चुकीचं बोलले असते."

 मंडळातले एक निवृत्त बँकवाले पुढे झुकले. "म्हणजे दोन वर्षं वाया?"

"वाया गेली असती, सर. आकडा छापला असता तर." मग तिने तीन आठवडे मागितले. सातांतला हा एकच भाग ती बदलणार होती. आतला शोध मुळात कुणी लिहिला ते खणून काढल्याशिवाय आता ती कुठलाही भाग घेणार नव्हती. "आणि आणखी एक. ज्याच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर त्याचे स्वतःचे दोष लिहिलेत, असा भाग मी घेईन. ज्यात दोष नाहीत असं म्हणतात, त्याला मी हात लावणार नाही."

बँकवाल्यांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं.  बाईंनी समोरची नियमांची वही ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि आपल्याच हस्ताक्षरातल्या अकरा वर्षांच्या जुन्या नियमाखाली एक ओळ लिहिली. लिहून झाल्यावर ती मोठ्याने वाचली: खोल्या दोन असून भागत नाही, साचेही दोन हवेत.

"दार मी बसवलं, कडी लावायची राहिली," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं हे कुणी दाखवलं नाही मला. तीन आठवडे दिले." आणि मग, जरा थांबून, "बस आता. उभी राहिलीस तेवढी पुष्कळ झाली."

तिने दाराकडे पाहिलं. तो टाळ्या वाजवत नव्हता; तिथे टाळ्या वाजवायची वेळच नव्हती. नुसता बघत होता. जिन्यावर ओंजळ धरून थांबला होता ना, तसा.

घरी ती एवढंच म्हणाली, की मागे घेतलं. बाबांनी बरं म्हटलं. पण सकाळी ती निघाली तेव्हा पितळेचं वजन चिंच लावून लखलखीत घासलेलं होतं आणि दाराजवळच्या फळीवर उलटं ठेवलेलं होतं, कोरलेला आकडा वर करून. बाबा शब्दकोड्यात इतके गढले होते की त्यांनी मान वर केली नाही. शब्दकोडं कालचं होतं, आणि सुटलेलं होतं.

पुन्हा दोन खोल्या, पुन्हा तोंडाला कुलूप. या वेळी तिने कुठल्याशा लहान विद्यापीठातल्या चौघांनी मिळून बनवलेला, कुणाला फारसा ठाऊक नसलेला भाग घेतला. त्याच्या पहिल्या पानावर चौदा दोष लिहिले होते. तिने चौदाही तपासले आणि पंधरावा शोधून त्यांना कळवला. समोरच्याने काय केलं ते तिला माहीत असायचं कारण नव्हतं. पण चौकापलीकडे तो तीन दिवस कागद-पेन्सिल घेऊन बसलेला दिसला, म्हणजे बाजाराचं काहीच न घेता मुळापासून स्वतः लिहीत असावा. चार वाजता दोघं थर्मासपाशी येत. त्या बाकावरच्या बोलण्याबद्दल तिने माफी मागायला सुरुवात केली तर तो म्हणाला, कामाचा विषय आहे, कप. तिने धुतले, दोनदा, कडं राहू नये म्हणून.

पाकिटं फोडली तेव्हा उत्तरं जुळली: पाच अंकांपर्यंत. सहावा वेगळा होता. पण या वेळचा तळ मागच्याहून खोल होता. आधीचा होता तो मधला खळगा. आणि उत्तरच बदललं होतं. गरीब घर कपडे आधी तोडत नव्हतं. ते आधी औषधं तोडत होतं. खोलीत कुणी टाळी वाजवली नाही. मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. कपडे वाटायला निघालेल्यांना हे वेळेवर कळलं, याचा अर्थ तिथे सगळ्यांना समजत होता.

"पाच," आवक-जावक काका जरा हिरमुसून म्हणाले. "मागे नऊ होते."

"काका, हे पाच खरे आहेत," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान न दुखता ताठ राहिली.

संगणन विभागाच्या दारावर तिच्या नावाची पाटी लागायला आठवडा लागला. त्याच्या तीन महिन्यांतले दोन दिवस उरले होते. त्या दुपारी काका एक बंद पाकीट घेऊन आले. समोरच्या खोलीकडून, म्हणाले, आणि जायचं नाव न घेता खिडकीच्या कडीशी खुडबुड करत राहिले. तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते गेले.

आत एकच कागद होता. वर लिहिलं होतं, 'ज्ञात दोष'. खाली त्याच्या सरळ अक्षरांत: सकाळी नऊच्या आधी धड बोलत नाही. शिट्टी बेसूर आहे, सुधारण्याची शक्यता नाही. नदीचा नकाशा उलटा दिसला तर अजूनही बेचैन होतो. जिन्यावर नव्याण्णव म्हणालो ती शुद्ध थाप होती. तुम्ही थांबावं म्हणून मारली. हाताला काही कळत नाही. शेवटी एक ओळ वेगळी, जरा खाली सरकलेली: 'आपण दोघं एका साच्यातले नाही. असतो तर तुमचं-माझं जुळतं याला मी काही अर्थ दिला नसता. नाही, म्हणून विचारतो...'

टिंबांच्या पुढे कागद कोरा होता.

तिने तो तीनदा वाचला. मग लाल पेन घेतलं, कारण तपासल्याशिवाय ती काही पुढे पाठवत नसे. शिट्टीच्या ओळीपुढे लिहिलं: अमान्य, खालच्या पट्टीत सूर लागतो. थापेच्या ओळीपुढे: नोंद घेतली, थाप चार दशांशांच्या फरकाने खरी निघाली. आणि सगळ्यात खाली: यादी अपुरी. एक दोष लपवला आहे, मुद्दाम हरण्याचा. पुढची तपासणी रविवारी चार वाजता माझ्या घरी. बाबा हातात घेऊन पाहिल्याशिवाय शिक्का मारत नाहीत.

पाकीट द्यायला तिने काकांना हाक मारली नाही. स्वतःच चौक ओलांडून गेली. एका हातात पाकीट होतं, दुसऱ्यात टेबलावरचं वजन, उगीचच उचललेलं. तो खोकी बांधत होता. उभ्याउभ्या त्याने कागद वाचला. खांदे हलले, आतल्या आत हसला तसे. मग हसू ओसरलं आणि तो खालच्या ओळीपाशी थांबला.

"रविवारी मी कमी भरलो तर?"

तिने वजन त्याच्या तळहातावर ठेवलं, आकडा वर करून.

"भर. किती कमी भरतोस ते कोरून ठेवू."

 खाली चौकात कुणीतरी सायकल उभी केली.

"भरतोस म्हणालात," तो म्हणाला.

"म्हणाले."

"मग मीही..." त्याने मूठ मिटली, वजनासकट, आणि तिच्या बोटांसकट. "मीही तुला..."

"चार वाजलेत," ती म्हणाली. हात तिने सोडवून घेतला नाही. "पुढचं चहापाशी सांग. आणि आज कप मी धुणार आहे... बघ, कडं राहतं का."